विकत घेतलेल्या गेमला परवानगी कुणाची?

साताऱ्यात किंवा सांगलीत २००० नंतरच्या दशकात शाळा-कॉलेजात असलेल्यांना ‘व्हाइस सिटी’ म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. रॉकस्टार कंपनीची ही गेम २००३ मध्ये कॉम्प्युटरवर आली आणि सायबर कॅफेतून, कुणाच्या तरी मोठ्या भावाने पुण्याहून आणलेल्या सीडीवरून तालुक्या-तालुक्यात पोचली. त्यातल्या बहुतेक सीड्या नकली होत्या, हे खरे. पण अस्सल सीडी घेणाऱ्यालाही कंपनी पुढे काही विचारत नव्हती. सीडी घालायची, गेम इन्स्टॉल करायची, आयकॉनवर डबल क्लिक करायचे, की खेळ सुरू. नाव, ई-मेल, जन्मतारीख कुणी मागत नव्हते. मागूनही उपयोग नव्हता, कारण बहुतेक घरांत इंटरनेटच नव्हते.

नोव्हेंबर २०२१ मध्ये हीच ‘व्हाइस सिटी’ आपल्या दोन भावंड-गेमसह नव्या रूपात बाजारात आली. कॉम्प्युटरवर ती फक्त रॉकस्टारच्या स्वतःच्या लाँचरमधून, म्हणजे गेम उघडून देणाऱ्या कंपनीच्या वेगळ्या प्रोग्रॅममधून, चालणार होती. विक्री सुरू झाली त्याच दिवशी त्या लाँचरची सेवा कोलमडली. लाँचर परत सुरू व्हायला एक दिवसाहून अधिक वेळ लागला आणि या नव्या गेम तर त्यानंतरही काही काळ बंदच राहिल्या. एकट्याने खेळायची, वीस वर्षांपूर्वी इंटरनेटशिवाय चालणारी गेम, पूर्ण किंमत मोजलेल्या जगभरच्या लोकांना उघडता येईना. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये काहीच बिघडलेले नव्हते. बिघाड हजारो मैलांवरच्या सर्व्हरमध्ये होता.

कॉम्प्युटरवर गेम खेळणाऱ्यांच्या मनात गेली काही वर्षे जो राग साचला आहे, त्याचे मूळ इथे आहे.

एका दुकानातून दुसऱ्या दारात

आज कॉम्प्युटरवरच्या गेमची सर्वांत मोठी बाजारपेठ म्हणजे ‘स्टीम’. अमेरिकेच्या व्हॉल्व्ह कंपनीने सप्टेंबर २००३ मध्ये ते सुरू केले. स्टीमवर खाते काढायचे, पैसे भरायचे, गेम डाउनलोड करायची आणि त्याच प्रोग्रॅममधून चालवायची. २०१५ पासून तिथे भारतीय ग्राहकाला रुपयांत किंमत दिसते. दुकान, कपाट आणि खेळाचे मैदान एकाच ठिकाणी, त्यामुळे हे लोकांच्या अंगवळणी पडले.

सुरुवातीला मात्र तेही नको होते. २००४ च्या नोव्हेंबरात ‘हाफ-लाइफ २’ आली, तेव्हा खोक्यातली डिस्क विकत घेणाऱ्यालाही स्टीमचे खाते काढणे सक्तीचे होते. फोनच्या तारेवरून रडतखडत चालणाऱ्या इंटरनेटच्या त्या काळात लोक भयंकर चिडले होते. पुढे स्टीम सुधारले, स्वस्त झाले, भरवशाचे झाले आणि राग ओसरला. इतर कंपन्यांनी मात्र यातून सोयीचा तेवढाच धडा घेतला, की ग्राहक आज ओरडतो आणि उद्या सवय लावून घेतो. मग युबिसॉफ्टचे ‘युप्ले’ आले, त्याचे पुढे ‘युबिसॉफ्ट कनेक्ट’ झाले. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचे ‘ओरिजिन’ २०११ मध्ये आले आणि नंतर त्याच्या जागी ‘ईए अ‍ॅप’ बसले. २०१९ मध्ये रॉकस्टारने आपला लाँचर आणला. सोनीने कॉम्प्युटरवरच्या गेमना आपल्या ‘प्लेस्टेशन नेटवर्क’चे खाते जोडायला सुरुवात केली.

प्रत्यक्षात काय होते, ते ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ या गेमवरून पाहू. २०१९ च्या अखेरीस ती कॉम्प्युटरवर आली. समजा, कराडच्या हॉस्टेलवरच्या एका विद्यार्थ्याने महिनोन्महिने पैसे साठवून ती स्टीमच्या सेलमध्ये घेतली. डाउनलोड पूर्ण झाले. स्टीममधले हिरवे बटण दाबले, की गेम उघडत नाही. आधी रॉकस्टारचा लाँचर उघडतो. त्याला स्वतःचे अपडेट हवे असते. ते झाले, की तो रॉकस्टारचे खाते मागतो. खाते नसेल तर ई-मेल, जन्मतारीख, पासवर्ड. मग ई-मेलवर आलेला कोड टाका. मग स्टीमचे खाते या खात्याला जोडा, अटी मान्य करा. एवढे सोपस्कार झाल्यावर घोडा, बर्फ आणि डोंगर दिसू लागतात. मुख्य कथा एकट्याने खेळायची असूनही ही वाट चुकत नाही. गेम बाजारात आली त्या आठवड्यात तर अनेकांचा लाँचरच मध्येच बंद पडत होता. त्यामुळे कथेचा पहिला प्रसंगही न पाहता लोक दुरुस्तीचे उपाय शोधत बसले होते.

सातारा-सांगलीचे गणित

हे सारे आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जो ग्राहक असतो, त्याच्या घरी चोवीस तास वेगवान इंटरनेट असते, स्वतःचा फोन असतो आणि स्वतःचे क्रेडिट कार्ड असते. सातारा आणि सांगलीच्या शहरी भागात आता फायबर आले आहे. तरी पाटण, जावळी किंवा महाबळेश्वरच्या डोंगराळ पट्ट्यात आणि जत-आटपाडीकडच्या अनेक गावांत मोबाइलच्या हॉटस्पॉटवरच कॉम्प्युटर चालतो. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल, तर ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ मागते तेवढा दीडशे जीबीचा ऐवज उतरवायला शंभर दिवस लागतील. म्हणून मुले शहरातल्या मित्राकडे हार्ड डिस्क घेऊन जातात आणि तिथून गेम भरून आणतात. स्टीममध्ये अशी प्रत करून ठेवण्याची रीतसर सोयही आहे. पण गेम घरी आली तरी लाँचरचे अपडेट आणि लॉग-इन यांतून सुटका नाही. संध्याकाळी अभ्यास उरकून तासभर खेळायला बसावे, तर उरलेला डेटा लाँचरच खाऊन टाकतो.

दुसरी अडचण खात्याचीच. एका घरात एकच कॉम्प्युटर, तोही थोरल्या भावाने सुटे भाग जुळवून घेतलेला. खाते त्याच्या ई-मेलवर. तो नोकरीला हिंजवडीत. धाकट्याने इकडे विंडोज नव्याने टाकले, की लाँचर या यंत्राला ओळखत नाही आणि कोड जातो थोरल्याच्या फोनवर. तो मीटिंगमध्ये असेल, तर इकडे वाट पाहणे आले. अशी दोन-तीन कंपन्यांची खाती असतील, तर कुठली गेम कुणाच्या नावावर आणि कुठला पासवर्ड कशाचा, याचा हिशेब कुणालाच लागत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर. सप्टेंबर २०२३ मध्ये खटाव तालुक्यातील पुसेसावळीत हिंसाचार झाला आणि प्रशासनाने सातारा जिल्ह्यातील इंटरनेट सेवा बंद केली. त्याच वर्षी जूनमध्ये शेजारच्या कोल्हापुरातही तणावानंतर इंटरनेट बंद करण्यात आले होते. अशा वेळी व्यवहार, तिकिटे, ऑनलाइन काम सारे अडते. त्यापुढे गेम ही किरकोळ बाब आहे, हे मान्यच. तरीही घरात बसून राहायला सांगितलेल्या मुलाला आपल्याच कॉम्प्युटरवरची, आपल्याच पैशांची, एकट्याने खेळायची गेम उघडता येऊ नये, याला काही कारण सापडत नाही. बहुतेक लाँचरमध्ये ‘ऑफलाइन मोड’ असतो. पण त्यासाठी आधी इंटरनेट असताना लॉग-इन केलेले असावे लागते. इंटरनेट कधी जाणार, हे सांगून कुणी ते बंद करत नाही.

खात्यांची एक बाजू मात्र सांगलीकरांना वेगळी पटवून द्यावी लागणार नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. मारुती चौक, गणपती पेठ आणि आसपासच्या वस्त्या पाण्याखाली होत्या. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. चिखलात बुडालेल्या कॉम्प्युटरबरोबर डिस्कवरचे सारे जाते. स्टीमच्या खात्यातल्या गेम मात्र नवा कॉम्प्युटर आला, की पुन्हा उतरवता येतात. ही सोय मोठी आहे आणि खेळणारेही ती नाकारत नाहीत. त्यांची तक्रार एका खात्यावर चढवलेल्या दुसऱ्या, तिसऱ्या खात्याबद्दल आहे. पुरातून गेम वाचवायला स्टीमचे एक खाते पुरेसे असते. दुसऱ्या लाँचरने त्या सुरक्षिततेत भर पडत नाही. उलट सारे पुन्हा मिळवण्याच्या वाटेवर आणखी एक अडसर येतो.

सर्व्हर पडला की

‘इंटरनेट असेल तरच खेळा’ या सक्तीने काय होते, हे २०१० मध्येच दिसले होते. युबिसॉफ्टने ‘असॅसिन्स क्रीड २’ कॉम्प्युटरवर आणताना सतत इंटरनेट जोडलेले असण्याची अट घातली. मार्च महिन्यात कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि पैसे देऊन गेम घेतलेले लोक बाहेर राहिले. हा बंदोबस्त नकली प्रतींना आळा घालण्यासाठी होता. त्या दिवशी त्याचा फटका बसला तो फक्त अस्सल ग्राहकांना.

२०१३ मध्ये ‘सिमसिटी’ आली. शहर वसवण्याची, शांतपणे एकट्याने खेळण्याची ही गेम. तिला सतत इंटरनेट हवे होते. पहिल्याच आठवड्यात सर्व्हर गर्दीने बसले. इंटरनेटशिवाय खेळण्याची सोय वर्षभराने, २०१४ मध्ये मिळाली.

रॉकस्टारच्याच ‘जीटीए ४’ ची गोष्ट आणखी बोलकी आहे. २००८ च्या डिसेंबरात कॉम्प्युटरवर आलेल्या या गेमला मायक्रोसॉफ्टची एक सेवा आणि रॉकस्टारची दुसरी सेवा अशा दोन्ही लागत. पुढे मायक्रोसॉफ्टने आपल्या सेवेतून अंग काढून घेतले. जानेवारी २०२० मध्ये ही गेम स्टीमवरून विक्रीतून बाहेर गेली, कारण तिच्या नव्या प्रतींसाठी लागणारे क्रमांकच तयार होईनात. मार्चमध्ये ती त्या सेवेविना परत आली, पण अनेकांनी मिळून खेळण्याचा भाग गाळूनच. गेम बनवणारी कंपनी जिवंत, विकणारे दुकान चालू, खेळणारे तयार. मधल्या तिसऱ्याने दुकान आवरले आणि सारे अडकले.

पुण्यातली कला

युबिसॉफ्ट हे नाव पश्चिम महाराष्ट्राला परके नाही. २००८ पासून तिचा स्टुडिओ पुण्यात आहे, २०१८ पासून मुंबईत. २०२० च्या सप्टेंबरात ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ या गाजलेल्या गेमच्या नव्या अवताराची घोषणा झाली, तेव्हा तो पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंनी बनवायचा होता, २०२२ मध्ये ते काम माँट्रियलला गेले. अशा स्टुडिओंत चित्रकार, प्रोग्रॅमर, तपासनीस खपत असतात. लाँचर सक्तीचा करण्याचा निर्णय या मंडळींच्या हातात नसतो, पण लाँचर बिघडला की लोकांचा राग त्यांनी बनवलेल्या गेमवर निघतो.

त्याच पुण्यात दुसरे उदाहरणही आहे. ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या कंपनीने २०२० मध्ये ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ आणली. हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीची, दुर्गा आणि विष्णूच्या निवेदनातून उलगडणारी ही कथा जगभर खेळली गेली. स्टीमवर घेतली, की कुठलेही दुसरे खाते न मागता ती सुरू होते. तुटपुंज्या बळावर उभी राहिलेली कंपनी ग्राहकाला इतके साधे दार देऊ शकते, तर अब्जावधींची उलाढाल करणाऱ्यांना ते अवघड नसावे.

मग कंपन्या असे का करतात? कारणे उघड आहेत. स्टीम प्रत्येक विक्रीतून साधारण तीस टक्के वाटा घेते. मोठ्या विक्रीवर तो थोडा कमी होतो. स्वतःचे दुकान उभे राहिले, तर तो वाटा वाचतो. शिवाय स्टीमवर घेतलेल्या गेमचा ग्राहक कोण, याची थेट माहिती कंपनीला हवी असते. त्याचा ई-मेल हाती आला, की पुढची गेम खपवता येते. कॉम्प्युटर, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवरच्या मित्रांना एकत्र खेळवायचे, एकाची प्रगती दुसरीकडे न्यायची, फसवणूक करणाऱ्याला हाकलायचे, तर सामाईक खाते कामाला येते. मिळून खेळायच्या गेमसाठी हा युक्तिवाद रास्त आहे. एकट्याने वाचायच्या कथेसारख्या गेमला तो लागू पडत नाही.

आणि दिलेली माहिती सुरक्षित राहते, याची हमी कोण देणार? एप्रिल २०११ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कवरून ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती चोरांच्या हाती लागली आणि सेवा तीन आठवड्यांहून अधिक काळ बंद होती. २०१३ मध्ये युबिसॉफ्टच्या खात्यांतली नावे, ई-मेल आणि सांकेतिक रूपातले पासवर्ड असेच बाहेर गेले. प्रत्येक नवे खाते म्हणजे माहिती फुटण्याची एक नवी जागा. शाळकरी मुले तर बहुधा सगळीकडे एकच पासवर्ड ठेवतात.

ओरडल्याने फरक पडतो

मे २०२४ मध्ये ‘हेलडायव्हर्स २’ च्या बाबतीत जे घडले, ते या वादातले वळण ठरले. फेब्रुवारीत आलेली ही गेम तुफान खपली होती. तीन महिन्यांनी सोनीने जाहीर केले, की स्टीमवरून खेळणाऱ्यांनाही आता प्लेस्टेशनचे खाते जोडावे लागेल. भारतात ते खाते काढता येते. पण जगातल्या शंभराहून अधिक देशांत ते अधिकृतपणे मिळतच नाही. तिथल्या लोकांनी पैसे आधीच भरले होते. दोन-तीन दिवसांत स्टीमवर दोन लाखांहून अधिक प्रतिकूल अभिप्राय जमा झाले आणि सोनीने माघार घेतली. जानेवारी २०२५ मध्ये तिने ‘स्पायडर-मॅन २’, ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक’ अशा एकट्याने खेळायच्या काही गेमसाठीही खाते ऐच्छिक केले.

इतरांनीही पावले मागे घेतली. बेथेस्डाने २०२२ च्या मे महिन्यात आपला लाँचर बंद करून ग्राहकांच्या गेम स्टीमवर हलवल्या. ‘टू-के’ने २०२४ च्या अखेरीस ‘सिव्हिलायझेशन ६’ सारख्या गेमवरून आपला लाँचर काढून टाकला. पोलंडमधले ‘जीओजी’ हे दुकान तर २००८ पासून गेम अशा रूपात विकते, की फाइल एकदा हार्ड डिस्कवर घेतली, की पुन्हा कुणाला विचारावे लागत नाही.

युरोपात लढा आणखी पुढे गेला. युबिसॉफ्टने ‘द क्रू’ या मोटारींच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले आणि विकत घेतलेली गेम कायमची निकामी झाली. त्यातून रॉस स्कॉट यांनी ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. युरोपीय महासंघाकडे दिलेल्या तिच्या अर्जावर १० लाखांहून अधिक नागरिकांनी सह्या केल्या. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने कायदा करून १ जानेवारी २०२५ पासून दुकानांवर बंधन घातले, की ग्राहकाला मालकी मिळत नसून केवळ परवाना मिळत असेल, तर ते विक्रीच्या वेळीच स्पष्ट सांगावे.

भारतातल्या ग्राहकाच्या हातातही काही साधने आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो, त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे सांगलीच्या ग्राहकाने सांगलीतच दाद मागावी, मुंबई-दिल्ली गाठण्याची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर त्याआधी तक्रार नोंदवता येते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळलेली संमती घेण्याची तरतूद आहे. त्याची कसून अंमलबजावणी झाली, तर निव्वळ गेम उघडण्यासाठी मुलांची माहिती गोळा करणे कंपन्यांना सोपे राहणार नाही.

तोवर पैसे भरण्याआधी दोन मिनिटे द्यावीत. स्टीमवर गेमच्या पानाच्या उजव्या बाजूला दुसऱ्या कंपनीचे खाते लागणार असल्याची सूचना असते, ती वाचावी. तीच गेम जीओजीवर आहे का, हे पाहावे. गेम घेतल्यावर दोन आठवड्यांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेली असेल, तर स्टीम पैसे परत करते. लाँचर चालेना, तर ही मुदत हातची घालवू नये. इंटरनेट चालू असतानाच ऑफलाइन मोड लावून, केबल काढून गेम उघडते का, याची चाचणी घ्यावी. घरातल्या गेमची सारी खाती एकाच ई-मेलवर ठेवावीत आणि तो घरात असणाऱ्या माणसाचा असावा.

कंपन्यांकडून अपेक्षाही फार नाही. एकट्याने खेळायची गेम इंटरनेटशिवाय आणि दुसऱ्या खात्याशिवाय उघडावी. जिथे खाते खरोखर लागते, तिथे ते किमतीशेजारी त्याच आकाराच्या अक्षरांत लिहावे. सेवा बंद करताना आधीच्या ग्राहकांसाठी गेम चालू राहील, अशी शेवटची दुरुस्ती द्यावी. पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, तेव्हा वजन-मापे आणि भेसळ हे तिच्यासमोरचे प्रश्न होते. आता साताऱ्या-सांगलीतल्या ग्राहक कार्यकर्त्यांच्या कामात डिजिटल खरेदीही यायला हवी, कारण हे पैसे खाऊच्या साठवणीतून आणि पहिल्या पगारातून जात आहेत.